माझ्या नावाचा केसपेपर

फोन आला तेव्हा मी अब्बांच्या दुकानात गादीला टाके घालत होते. दुपारची वेळ, कापूस पिंजायचं मशीन चालू, त्यामुळे पलीकडचं काही ऐकूच येईना. बाहेर ओट्यावर येऊन उभी राहिले. पूनमचा मोठा भाऊ दिनेश होता. ‘शाहीन, पूनम वारली,’ एवढंच म्हणाला. खरं सांगते, मला आधी रडू आलं नाही. राग आला. असा की हातातली सुई भिरकावून दिली, आणि मग कुणाच्या पायात जाऊ नये म्हणून अब्बा बिचारे ती शोधत बसले. म्हटलं, बाई गं, एक फोन करायचा होतास. चार शिव्या घातल्या असत्या, पण आले असते की! जळगावहून सोनगीर काय सातासमुद्रापार आहे? तो राग तिच्यावर आहे असं मला दोन-तीन दिवस वाटत होतं. खरा कुणावर होता ते मग कळलं, आणि तेच लिहायला बसले आहे.

ती कशी गेली ते मी लिहिणार नाही. मला भेटणारा प्रत्येक जण आधी तेवढंच विचारतो, जसं काही ते कळलं की बाकी सगळं कळलं. वीस वर्षांची होती. गावात ‘ताप डोक्यात गेला’ असं सांगितलंय. दोन महिने होत आले त्याला.

आमची ओळख बीएस्सीच्या पहिल्या वर्षाची. वनस्पतिशास्त्राच्या प्रॅक्टिकलला हजेरीच्या क्रमानं जोड्या लावल्या आणि ही माझ्या वाट्याला आली. मी जळगावची, घरून डबा घेऊन येणारी. ती सोनगीरची, होस्टेलवर राहणारी. तिचे वडील तांब्या-पितळेची भांडी घडवतात. सगळं गाव त्यांना नाना म्हणतं, म्हणून तीही नानाच म्हणायची. लहानपणापासून ठोक्यांच्या आवाजात वाढलेली, त्यामुळे शांत वर्गात हिला झोप यायची आणि आमच्या पिंजणाच्या मशीनशेजारी ही तास न् तास वाचत बसायची. बोलायला फटकळ. माझ्या घरची बोली हिंदी, शाळा मराठी, आणि ही मला तिची अहिराणी शिकवायला निघालेली. माझा उच्चार चुकला की म्हणायची, ‘ऱ्हाऊ दे वं माय, तुन्हा घास नही हाऊ.’ म्हणजे, हा घास तुझा नाही. आणि तिच्या आकृत्या! खोडाचा आडवा छेद काढायची तर पेशी मोजून घ्याव्यात अशा. मॅडम तिची जर्नल वर्गभर फिरवायच्या आणि माझी बाजूला ठेवायच्या.

रोज संध्याकाळी सातला नानांचा फोन यायचा. एक मिनिटाचा. ‘जेवनी का? बठ्ठं बरं शे ना?’ आणि ही म्हणायची, ‘बठ्ठं बरं शे, नाना.’ ताप असो, पेपर वाईट गेलेला असो, उत्तर हेच, सगळं बरं आहे. मी एकदा चिडवलं तर म्हणाली, ‘अगं, तो माणूस दिवसभर घण मारतो. त्याला अजून काय सांगू? तुला सांगते ना खरं.’ ते खरंच होतं. मला ती हे वाक्य कधीच म्हणत नसे. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटाला ती बिघडायला लागली. दुसरा शब्द नाही माझ्याकडे. केस धुवायची बंद झाली. डबा तसाच परत जायला लागला. जर्नलमध्ये नुसती शीर्षकं, खाली कोरी पानं. मी आपली शहाणी, आधी विचारलं, ‘कुणी आहे का गं?’ कुणी नव्हतं. घरी काही झालं का? काही नाही. सगळे अजून मला विचारतात, कारण काय, कारण काय... कारण नव्हतं हो. एक दिवस कॅन्टीनच्या मागं बसलो असताना म्हणाली, ‘शाहीन, मला पहाटे जाग येते आणि वाटतं की मी नसले तर सगळ्यांचं जरा सोपं होईल.’ हे ती इतक्या साध्या आवाजात म्हणाली की मी घाबरून तिच्यावरच ओरडले. मग माझंच मला वाईट वाटलं आणि दोघी मिळून रडलो.

मग आमची शोधाशोध सुरू झाली. कॉलेजात ‘समुपदेशन कक्ष’ अशी छान पाटी होती. आत स्नेहसंमेलनाचे पडदे आणि लेझीम. चौकशी केली तर कळलं, मॅडम दर गुरुवारी येतात. पहिल्या गुरुवारी त्यांना परीक्षेच्या देखरेखीला बसवलेलं. दुसऱ्या गुरुवारी खोलीची किल्ली मिळेना. तिसऱ्या गुरुवारी मॅडम भेटल्या, बाई चांगल्या होत्या, पण दाराशी दहा पोरं बोनाफाईडच्या रांगेत उभी, कारण कक्ष ऑफिसच्या खिडकीला लागून. पूनम म्हणाली, ‘अभ्यासात लक्ष लागत नाही.’ मॅडमनी वेळापत्रक करून दिलं, आणि पुढच्या वेळी पालकांना घेऊन ये म्हणाल्या. बाहेर आल्यावर तिनं ते वेळापत्रक घडी करून माझ्या हातात दिलं. ‘घे. तुला लागेल.’ होस्टेलच्या ताईंनी सोमवार धरायला सांगितले. खोलीतल्या मुली म्हणाल्या, जरा फिरून ये कुठंतरी. कुणीच दुष्ट नव्हतं, हे मी मुद्दाम सांगते.

शेवटी होस्टेलच्या जिन्यात चिकटवलेल्या कागदावरच्या मदतीच्या नंबरवर तिनं गच्चीतून फोन लावला. मी शेजारी, कुणी वर येतंय का ते बघायला. पहिल्यांदा लागला नाही. दुसऱ्यांदा एक बाई बोलल्या. वीस मिनिटं. पूनमनं त्यांना सगळं सांगितलं, मला सांगितलं नव्हतं तेसुद्धा. त्यांनी सांगितलं की हा आजार आहे, त्याला औषध आहे, सरकारी दवाखान्यात यासाठी वेगळा विभाग असतो, तिथं जा, मैत्रिणीला बरोबर ने. फोन ठेवून ती म्हणाली, ‘आजार शे म्हने.’ कित्येक दिवसांनी तिच्या आवाजात जीव होता. आजार म्हटल्यावर सुटल्यासारखं वाटलं तिला.

आणि इथं मी माझी हुशारी दाखवली.

दिनेशचं लग्न ठरलं होतं. मुलगी जळगावचीच, आणि तिचे काका त्या दवाखान्यात क्लार्क. पूनम केसपेपरच्या खिडकीपर्यंत गेली आणि उलटी फिरली. ‘माझं नाव त्या विभागाच्या रजिस्टरला गेलं तर भाऊचं लग्न मोडेल. नणंद वेडी आहे म्हणतील.’ मी म्हटलं, हात्तिच्या, एवढंच ना! माझं नाव सांग. शाहीन शेख कोण, कुठली, त्या काकांना काय करायचंय? शिवाय बनावट नाव घेतलंस तर अडखळशील. माझं नाव, माझा पत्ता, माझं घर तुला तोंडपाठ आहे. खिडकीवर नाव, वय, राहणार कुठं आणि मोबाईल एवढंच विचारत होते. मोबाईलही माझाच दिला, सगळं जुळावं म्हणून. उन्हाचा स्कार्फ तर जळगावात सगळ्याच मुली बांधतात, तो तिनं तसाच ठेवला. आत पुकारा झाला, ‘शाहीन शेख!’ तर मीच उठायला निघाले. तिनं मला कोपरानं खाली बसवलं आणि स्वतः आत गेली. बाहेर आल्यावर आम्ही दोघी त्या बाकावर पोट धरून हसलो, आजूबाजूचे पेशंट बघत राहिले. आपण फार मोठी लढाई मारली असं वाटत होतं मला.

केसपेपर माझ्याकडेच ठेवला, होस्टेलवर कुणाच्या हाती लागू नये म्हणून. मी त्याची फक्त वरची ओळ वाचली होती. माझं नाव तसल्या कागदावर बघितलं आणि मी तो लगेच घडी घालून कंपासपेटीत ठेवून दिला. बघा, म्हणजे लाज कुठं होती ते.

गोळ्या लागू पडल्या. हे मला मोठ्यानं सांगायचंय. चौथ्या आठवड्यात तिनं जर्नलमध्ये मक्याच्या मुळाचा छेद काढला, पेन्सिलला नीट टोक करून. एका रविवारी आमच्याकडे आली, अम्मीच्या हातचं भरीत आणि कळण्याची भाकरी खाल्ली, पुन्हा मागून घेतली, आणि दुपारी दुकानात नव्या भरलेल्या गादीवर टेकली ती झोपलीच. गाढ. गिऱ्हाईक आलं, तीच गादी तयार होती, त्यांची ऑर्डरची. अब्बा त्यांना म्हणाले, उद्या या. ते म्हणाले, अहो समोर दिसतेय की. अब्बांनी ओठावर बोट ठेवलं. ‘सोने दो बच्ची को.’ अब्बांना काही माहीत नव्हतं. त्यांनी फक्त एक पोर कित्येक दिवसांनी झोपलेली ओळखली. दवाखान्यातल्या समाजसेविका ताईंचा दर पंधरा दिवसांनी माझ्या मोबाईलवर फोन यायचा, तारीख सांगायला, गोळ्यांचं विचारायला. मी तो निरोप पूनमला द्यायचे, ती जायची. असं तीन वेळा झालं. चाललं होतं सगळं...

मग दिनेशच्या लग्नासाठी ती सोनगीरला गेली. लग्न झालं, तरी पाहुणे, पूजा, नव्या वहिनीचं काय-काय, ती अडकली. गोळ्या संपल्या. मला मेसेज केला, केसपेपरचा फोटो पाठव, धुळ्याच्या दवाखान्यात दाखवून घेते. मी फोटो पाठवला. ती घरी खोटं सांगून एकटी धुळ्याला गेली. तिथल्या माणसानं फोटो पाहिला आणि सरळ विचारलं, शाहीन शेख तुम्हीच का, आधार दाखवा. त्याचं काय चुकलं? आधारवर पूनम. तो म्हणाला, दुसऱ्याच्या कागदावर औषध देता येत नाही, स्वतःच्या नावानं नवीन पेपर काढा. ती त्या रांगेत उभीही राहिली. पण दोन माणसं सोडून पुढे तिच्या गल्लीतल्या अक्का, नातवाला घेऊन आलेल्या. ‘तू इथे काय करी ऱ्हायनी वं?’ ती म्हणाली, मैत्रिणीला भेटायला आले. आणि बसमध्ये बसून घरी आली.

हे सगळं तिनं मला मेसेजवर कळवलं. ‘नाव जुळत नाही म्हणे.’ मी काय उत्तर दिलं असेल? ‘मग आता कायमचीच शाहीन हो, रोजेपण धर,’ आणि पुढं चार हसरे चेहरे. मला वाटलं, ती हसेल. तिचं उत्तर आलं, ‘बठ्ठं बरं शे.’

मला, शाहीनला, तिनं ते वाक्य पाठवलं. नानांना द्यायचं उत्तर मला दिलं, आणि मी ते वाचून फोन बाजूला ठेवला आणि भांडी घासायला गेले.

त्याच आठवड्यात मला बघायला भुसावळहून माणसं आली होती. दोन बाया, एक मामू, मुलगा. मी शरबताचा ट्रे घेऊन उभी, अम्मीनं माझा फोन कौतुकानं टेबलावर ठेवलेला, आणि तो वाजला. उचलला, तर दवाखान्यातल्या त्या ताई. ‘शाहीन, तारीख चुकली तुमची. गोळ्या चालू आहेत ना? मनात ते विचार परत येत नाहीत ना?’ आवाज खणखणीत, खोलीत सगळ्यांना ऐकू जाईल असा. मी म्हटलं, ‘राँग नंबर.’ फोन पुन्हा वाजला. मी आत जाऊन तो नंबरच ब्लॉक केला. पाहुणे गेले, त्यांनी पुढे काही कळवलंही नाही, आणि ब्लॉक काढायचं माझ्या डोक्यातून गेलं. मी त्या ताईंना एक वाक्य सांगायचं होतं, की ती सोनगीरला आहे आणि तिच्या गोळ्या संपल्या आहेत. एक वाक्य! त्यांनी काहीतरी केलंच असतं. त्या हातावर हात ठेवून बसणाऱ्या नव्हत्या. त्यानंतर अकराव्या दिवशी दिनेशचा फोन आला.

सोनगीरला गेले तेव्हा नाना ओसरीत बसले होते. समोर अर्धवट ठोकलेला हंडा, हत्यारं बाजूला. गल्लीत कुठंच ठोक्यांचा आवाज नव्हता, शेजाऱ्यांनीही काम बंद ठेवलं होतं. त्यांनी मला जवळ बसवलं. ‘ती तुले काही सांगे का, बेटी? माले तं रोज सांगे, बठ्ठं बरं शे.’ माझ्या पर्समध्ये तो केसपेपर होता. त्यांना दाखवायचा म्हणूनच नेला होता. शेजारी नवी सून पाणी घेऊन उभी, दाराशी चार बाया. मी म्हटलं, ‘नाही, नाना.’ त्यांनी मान हलवली, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि मलाच म्हणाले, रडू नको. परतीच्या बसमध्ये मला स्वतःची शिसारी आली. अजून येते.

त्यानंतर माझी झोप गेली. आधी वाटलं, दुःख आहे, जाईल. मग पहाटेची जाग सुरू झाली, तीच जिच्याबद्दल ती कॅन्टीनच्या मागं बोलली होती, आणि मी ओळखली तिला. या वेळी मी हुशारी केली नाही. अब्बांना सांगितलं. सगळं, नावासकट. अब्बा म्हणाले, कल चलते हैं. गेल्या सोमवारी ते दुकान बंद करून माझ्याबरोबर आले. रांगेत त्यांना ओळखीचे तिघं भेटले, गादीची गिऱ्हाइकं. प्रत्येकानं विचारलं, चाचा इथे कसे? अब्बा प्रत्येकाला त्याच आवाजात सांगत होते, ‘बेटी की नींद उड गयी है. दिखाने लाया हूँ.’ ज्या आवाजात ते सांगतात की कापूस ओला आहे. मी मान खाली घालून उभी होते, आणि मला तिचीच आठवण येत होती. तिलाही असंच नेता आलं असतं. नाना आले असते. नाना नक्की आले असते हो...

त्याच दिवशी घरी येऊन मी नानांना फोन केला, सातला, आणि सगळं सांगितलं. दवाखाना, गोळ्या, माझं नाव, राँग नंबर. मला वाटलं, शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी विचारलं, हे लिहू का, नाव बदलून लिहू का? तेव्हा म्हणाले, ‘बदलू नको आते. तिन्हं नाव लिख, बेटी.’ म्हणून लिहिलंय.

पण दवाखान्यातलं राहिलं. पुकारा झाला, ‘शाहीन शेख!’ आणि मी क्षणभर शेजारी पाहिलं, ती उठेल म्हणून. आत टेबलाशी त्याच ताई होत्या, फोनवरच्या आवाजावरून ओळखलं. मी कंपासपेटीतला जुना केसपेपर पुढे केला. त्यांनी तो पाहिला, मला पाहिलं, आणि शांतपणे म्हणाल्या, ‘तुम्ही शाहीन. मग ती मुलगी कशी आहे आता?’ ‘तुम्हाला कसं कळलं?’ मी विचारलं. त्या म्हणाल्या, ‘अहो, पहिल्याच दिवशी कळलं होतं, नाव तिचं नाही. नावाला हाक मारली की ती अर्धा क्षण उशिरा बघायची. इथे पुष्कळ जण दुसऱ्याच्या नावानं येतात. आम्ही काही म्हणत नाही, आली ना, मग झालं. कशी आहे?’

माझ्या तोंडाशी तिचंच उत्तर आलं होतं, ते तीन शब्द. ते गिळून मी सांगितलं, जे होतं ते. ताईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. अब्बा मागं उभे होते, त्यांनी माझ्या खुर्चीची पाठ धरली. बाहेरून पुढच्या नंबरचा माणूस दोनदा डोकावून गेला. मग ताईंनी नवा कोरा केसपेपर ओढला आणि लिहायला घेतलं. नाव, वय, पत्ता. घरी कोण कोण? मी सांगितलं, अब्बा, अम्मी, एक भाऊ. त्या जुन्या कागदावर बोट ठेवून थांबल्या. ‘इथे तर एक बहीणही लिहिली आहे.’

मला बहीण नाही. पूनमलाही नव्हती. त्या दिवशी आत, माझं नाव घेऊन माझं घर सांगताना, तिनं माझ्या घरात एक बहीण घातली होती. मी ती ओळ इतके महिने कंपासपेटीत घेऊन फिरत होते आणि वाचलीच नव्हती.

‘मग, बहीण लिहू की नको?’ ताईंनी विचारलं.

‘लिहा,’ मी म्हटलं.